झुंबरबाईंच्या प्रार्थनेतली माणसं

जुन्नरच्या ख्रिस्ती मंडळीत एखाद्या घरातलं भांडण बाहेर पडायचं असेल, तर ते गुरुवारच्या घरगुती प्रार्थनेतून बाहेर पडतं. ही प्रार्थना आळीपाळीने एकेका घरी भरते. सतरंजी अंथरलेली असते, दोन गाणी होतात, शास्त्रातला उतारा वाचला जातो आणि मग "विषय" मागितले जातात. कुणासाठी काय मागायचं ते ज्याने त्याने सांगायचं. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाची बदली. इथपर्यंत सगळं ठीक चालतं. मग सगळे डोळे मिटतात आणि झुंबरबाई साळवे घसा खाकरतात.

प्रार्थनेत एक सोय आहे, जी ग्रामसभेत नाही आणि भाऊबंदकीच्या बैठकीत तर मुळीच नाही. मध्ये बोलता येत नाही. बोलणारी बाई देवाशी बोलत असते, तुम्ही नुसते शेजारी बसलेले असता. तिने तुमच्या घरातली गोष्ट देवाच्या कानावर घातली, तरी "बाई, हे खोटं आहे" असं तुम्हाला म्हणता येत नाही. उलट शेवटी सगळ्यांबरोबर तुम्हालाही "आमेन" म्हणावं लागतं, म्हणजे तसंच होवो. झुंबरबाईंनी अर्ध्याअधिक मंडळीकडून तिच्याच अब्रूवर असं आमेन म्हणवून घेतलेलं आहे.

"हे स्वर्गीय पित्या," त्या म्हणतात, "आमच्या वृषालीला सासूचा आदर करण्याची सुबुद्धी दे. मंगळवारी दुपारी जे काही घडलं, ते तुला ठाऊकच आहे."

मंगळवारी दुपारी काय घडलं हे तोवर देवाला, वृषालीला, तिच्या सासूला आणि समोरच्या खिडकीत उभ्या असलेल्या झुंबरबाईंना ठाऊक असतं. जेवणं होईपर्यंत ते सगळ्या आळीला ठाऊक होतं.

एरवी झुंबरबाई चारचौघींसारखं व्हतं-न्हाई बोलतात. प्रार्थनेत मात्र त्यांची भाषा छापील होते, इस्त्री करून घडी घातल्यासारखी. ती ऐकली की नवख्या माणसाला बाई फार कनवाळू वाटते. झुंबरबाईंना स्वतःलाही तसंच वाटतं. या प्रकाराला कुणी चहाडी म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्या त्याला ओझं म्हणतात. "माझ्या मनावर वझं हाय त्या पोरीचं," असं त्या छातीवर हात ठेवून सांगतात, आणि ओझं उतरवायची जागा म्हणजे गुरुवार.

सवय जुनी आहे. सरकारी दवाखान्यांत त्यांनी आयाची नोकरी केली, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बदल्या होत होत. बायकांच्या वॉर्डात माणूस आधी दुखणं म्हणून आत येतो, त्याचं नाव मागून कळतं. कुणाचं काय फुटलं, कुणाचं काय सडलं, कुणाला कुणी टाकलं, हेच रोज पाहायचं. निवृत्त झाल्यावर वॉर्ड सुटला, नजर तीच राहिली. बाजारात कुणी भेटलं की त्याच्या तोंडाआधी त्याचं व्यंग दिसायचं, आणि व्यंग दिसत नसेल तर ते कुठे दडवलंय याचा शोध सुरू व्हायचा.

त्यांचे यजमान भिकाजी साळवे एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर लोकांना पुढे सरका म्हणण्यात गेलेलं, त्यामुळे घरी ते फारसं बोलत नाहीत. बोलले की एकच वाक्य बोलतात. "खोडदच्या त्या रेडिओच्या दुर्बिणी आभाळातलं ऐकत्यात," ते पाहुण्यांना सांगतात, "आन आमची झुंबर आळीतलं. तिकडं खर्च लई, इकडं फुकाट."

या फुकट दुर्बिणीची किंमत त्यांच्या मुलीने मोजली. नूतन नारायणगावच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. तिशी उलटलेली, शांत, कामाची पक्की. मागच्या वर्षी तिला नगरकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. ख्रिस्ती घरांत सोयरीक पक्की करण्याआधी दोन्हीकडची माणसं एकत्र बसून प्रार्थना करतात. तशी ती बसली. झुंबरबाईंनी तोंड उघडलं आणि मुलाला "त्या पहिल्या मुलीच्या नादातून वेळीच सोडवल्याबद्दल" देवाचे मनापासून आभार मानले. ही पहिली मुलगी त्यांना एका मावसबहिणीकडून फोनवर कळली होती. पाहुणे आमेन म्हणाले, चहा प्यायले, चिवड्याला नावाजून गेले आणि पुन्हा त्यांचा फोन लागला नाही.

"मी काय वंगाळ बोलले?" झुंबरबाई म्हणाल्या. "आभारच मानले की."

नूतन त्या दिवसापासून आईशी कामापुरतं बोलू लागली.

त्यानंतर मंडळीत नवे पाळक आले. अमृत रणपिसे, वय कोवळं, पुण्यात शिकलेले, बोलताना हात फार हलवणारे. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होताच त्यांनी जाहीर केलं की यंदा पोटाच्या उपवासाबरोबर मनाचाही उपवास करायचा. विषय "निरोगी मन". त्यासाठी त्यांनी प्रोजेक्टर आणला आणि चर्चच्या भिंतीवर मेंदूचं मोठं चित्र पाडलं. चित्र फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं होतं, आणि नेमकी डावीकडे भिंतीला ओल आलेली असल्यामुळे मेंदूची ती बाजू गेल्यासारखी दिसत होती. पाळकसाहेबांनी लाल, निळे बाण दाखवले. मग बाण पुरे झाल्यावर ते साधं बोलले, आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. शेतातून रोज एकाच बाजूने गेलं की तिथे पायवाट पडते, मग पाय आपोआप तिकडे वळतात. मनाचंही तसंच. जो रोज वाईट शोधतो त्याला वाईटाची वाट रुळते. देव दुसरी वाट दाखवतो, पण तिच्यावरून चालावं आपल्यालाच लागतं, तेही रोज, आणि पहिले काही दिवस काटे टोचतात.

झुंबरबाई पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होत्या. हे सगळं मंडळीचे खजिनदार भगवंत लोंढे यांना किती लागू पडतं याचा त्या विचार करत होत्या. तेवढ्यात त्यांना पाळकसाहेबांच्या शर्टाची कॉलर दिसली. इस्त्री नव्हती. म्हणजे बायको माहेरी गेली. म्हणजे भांडण झालं.

गुरुवारी प्रार्थना झाली. "हे पित्या, आमच्या पाळकसाहेबांच्या संसारात शांती नांदू दे. त्यांच्या पत्नीला लवकर परत आण."

मंडळीच्या इतिहासात पहिल्यांदाच पाळकाने प्रार्थनेच्या मध्यात डोळे उघडले. त्यांची पत्नी उशिरा येऊन मागे दारापाशीच बसली होती. तिनेही उघडले.

"मावशी," चहा झाल्यावर पाळकसाहेब झुंबरबाईंना बाजूला घेऊन, चुरगळलेली कॉलर दाखवत म्हणाले, "आमची इस्त्री बिघडलीय."

"तेच म्हनलं मी."

"इस्त्री, मावशी. संसार नाही. तुम्हाला मी एक नेम देतो. उपवासकाळ संपेपर्यंत पाळा. कुणाबद्दल वाईट विचार आला की त्या माणसाबद्दल एक खरी चांगली गोष्ट शोधायची आणि आधी तिचे आभार मानायचे. आभार मानल्याशिवाय काही मागायचं नाही. चांगली गोष्ट सापडली नाही, तर गप्प बसायचं."

नेम म्हटल्यावर झुंबरबाई मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्याच गुरुवारी त्यांनी आभार मानायला सुरुवात केली. "हे दयाळू पित्या, तुझे आभार मानते, की भगवंतभाऊ आता फक्त शनिवारीच पितात. तुझे आभार मानते, की वृषालीचा आवाज गोड आहे, तरी सासूशी बोलताना ती..."

लोकांना हे आभार जुन्या मागण्यांपेक्षा महाग पडले. मागणीत निदान शंका असायची. आभारात गोष्ट झाल्याची पावतीच मिळत होती. भगवंतभाऊ दुसऱ्या दिवशी पाळकांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, तिला पहिल्यासारखंच करू द्या. ते परवडत व्हतं."

पाळकसाहेबांनी नेमात दुरुस्ती केली. "मावशी, आभारात 'पण' नको. 'तरी' नको. 'आता' नको, 'फक्त' नको."

"मंग ऱ्हायलं काय?" झुंबरबाईंनी खरोखरच्या आश्चर्याने विचारलं.

"तेच शोधायचंय."

शोधायला बसल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं, की हे अवघड आहे. त्या मेथी निवडत बसल्या आणि भगवंत लोंढे डोळ्यांपुढे आणले. दारू आली. बायकोशी मोठ्याने बोलणं आलं. हिशेब सांगताना खाली बघणं आलं. सगळं रांगेत उभं होतं, बोलवावंही लागलं नाही. चांगलं मात्र एकही येईना. मेथीची जुडी संपत आली तेव्हा कोविडचे दिवस आठवले. झुंबरबाईंचा भाऊ गेला होता आणि शवपेटीला हात लावायला चुलते-पुतणे कुणी पुढे झाले नव्हते. एका बाजूला भिकाजी होते, दुसऱ्या बाजूला भगवंत. बोलावलेलं नव्हतं, आपणहून आला होता. त्या दिवशी शनिवारही होता.

ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण ती कधी मनात येऊन बसली नव्हती, कारण तिथे जागाच नव्हती. झुंबरबाईंना समाधान वगैरे काही वाटलं नाही. उलट रागच आला, चोर घरातच सापडल्यासारखा. पण गुरुवारी त्यांनी तेवढंच सांगितलं, भगवंतने माझ्या भावाच्या पेटीला हात दिला, आणि थांबल्या. पुढे काहीच आलं नाही तेव्हा लोक जरा वेळ डोळे मिटून वाट बघत राहिले. मग आमेन झालं. भगवंतभाऊ चहा न पिताच उठून गेले. ते का गेले, याचा अंदाज बांधायला झुंबरबाईंचं मन लगेच धावलं आणि त्यांनी ते ओढून धरलं. दावं तोडणारी म्हैस धरावी तसं.

हे असं रोज चाललं. सुधारणा फार झाली असं कुणी म्हणणार नाही. विचार येणं थांबलं नाही. फक्त आला की त्याला 'ये, बस' म्हणण्याआधी त्या आता जरा थांबायच्या.

त्याच दिवसांत नूतनने जेवताना सांगितलं की तिने मुलगा पाहिला आहे. रामदास उजागरे. घोडेगावला एका दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट तपासतो. आई शिनोलीला असते, वडील वारले.

"बरंय," भिकाजी म्हणाले. "एक रगात तपासणार, एक दूध. भेसळ व्हायची न्हाई घरात."

नूतन हसली नाही. ती आईकडे बघत होती. "ते लोक ईस्टर झाल्यावर आपल्याकडे येणारेत. पाळकसाहेब प्रार्थना करतील, शेवटची बाबा करतील. आई, तू करायची नाहीस. या वेळी मोडलं तर मी पुण्याला काम बघीन आणि पुन्हा घरी राहायला येणार नाही. हे मी रागाने सांगत नाही."

रागाने सांगितलं असतं तर झुंबरबाईंना सोपं गेलं असतं. पण त्यांचं निम्मं लक्ष दुसरीकडेच होतं. उजागरे. शिनोली. त्यांच्या डोळ्यांपुढे एक हात आला, कोपराच्या खाली मोडलेला, चिखलाने माखलेला. घोडेगाव भागातल्या एका दवाखान्यात त्या असताना आलेली बाई. बांधावरून पडले, असं सांगत होती. बायका तसंच सांगतात.

नूतन उठून गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, याचा बाप बायकोला मारायचा. हात मोडला व्हता तिचा."

"तू पाह्यलं मारताना?"

"हात पाह्यला ना मोडलेला."

"हात येस्टीतून पडूनबी मोडतो."

"तुमाला काय ठावं? बापाचं बघूनच पोरगं शिकतं. माझी एकुलती एक पोर हाय."

ओझं आता खरंखुरं होतं, कारण खाली लेक होती. झुंबरबाई पाळकांकडे गेल्या. नाव न घेता सगळं सांगितलं, म्हणजे नाव सोडून सगळं.

"तुम्ही पाहिलं नाही, तर तुम्हाला ते माहीत नाही," पाळकसाहेब म्हणाले. या वेळी त्यांचे हात हलत नव्हते. "माहीत नसेल तर विचारा. त्या बाईंनाच विचारा, डोळे उघडे ठेवून. देवाच्या नावाने दुसऱ्याला ऐकवू नका."

हे ऐकायला सोपं होतं. आयुष्यभरात झुंबरबाईंनी कुणाला काही तोंडावर विचारलेलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती.

पाहुणे आले ते रविवारी दुपारी. रामदास उंच, लाजरा, आल्या आल्या चपला नीट जोडीने ठेवणारा. त्याची आई लंकाबाई, बुटकी, काटक, डोक्यावरून पदर, हातात घरच्या तांदळाची पिशवी. उजवा हात कोपरापाशी किंचित वाकडा. झुंबरबाईंनी तो आधी पाहिला आणि तोंड मागून. लंकाबाई मात्र त्यांचं तोंडच बघत होत्या, सावकाश, बाजारात गाय बघावी तसं.

बोलणं चांगलं झालं. पोहे झाले. रामदास नूतनशी हळू आवाजात काही बोलला आणि ती हसली, जे या घरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. पाळकसाहेबांनी सुरुवातीची प्रार्थना केली. आता भिकाजी शेवटची करणार, तेवढ्यात लंकाबाई म्हणाल्या, "मलाबी दोन शब्द बोलायचेत."

सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले.

"देवबापा, मला लांबलचक येत न्हाई. तुझे लई उपकार. भाताच्या आवणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावरून घसरून माझा हात मोडला, तो तू सांधलास. दवाखान्यात एक बाई व्हती. तिनं मला च्या पाजला, माझी येणी घातली. मंग तिथल्या गुरुवारच्या प्रार्थनेत ती बोलली, सयाजी उजागरे बायकोला मारतो, देवा त्याचे हात बांध. लोकं आमेन म्हनली. आमच्या शिनोलीची बाई बसली व्हती तिथं. माझा मालक भीमाशंकरापातूर जीप चालवायचा. बाया त्याच्या शेजारच्या सीटवर बसायच्या बंद झाल्या. पोराला साळंत चिडवलं. मरेपातूर त्यानं माझ्यावर हात उचलला न्हवता, हे तुला ठावं हाय आन मला. आज त्या बाईच्या घरी तू मला च्या प्यायला आनलंस. पोरगी चांगली हाय. आता तूच बघ. आमेन."

"आमेन," भिकाजी म्हणाले, सवयीने, खणखणीत. मग काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं. पाळकसाहेब आमेन म्हणाले. रामदास, नूतन म्हणाले. मध्ये बोलायची सोय नव्हती. झुंबरबाईंनाही म्हणावं लागलं.

"आता झुंबरबाईंनी करावी," लंकाबाई म्हणाल्या. "लई ऐकलंय त्यांच्या प्रार्थनेचं."

नूतनने डोळे उघडले नाहीत.

झुंबरबाईंच्या मनात विचार आले, रांगेने, नेहमीच्या वाटेने. खरं असेल तर तेव्हाच का नाही बोलली? पोरासमोर पाणउतारा करायची काय गरज होती? मेल्यावर सगळ्यांचेच नवरे देवमाणूस होतात. हा शेवटचा विचार फार सोयीचा होता. तो असा ऐसपैस बसला, की त्याच्यावर एक मोठी सुंदर प्रार्थना उभी करता आली असती, क्षमेची, सत्याची, दिवंगताच्या आत्म्याला शांती मागणारी. शब्द ओठांपर्यंत आले होते, इस्त्री केलेले.

त्यांनी ते गिळले. त्यांनी या बाईचं काही खरं, काही चांगलं शोधलं. ते समोरच होतं. जे या बाईला बोलायचं होतं ते ती इथे येऊन, तोंडावर बोलली होती. आणि वेणी. वेणी घातल्याचं झुंबरबाईंना अजिबात आठवत नव्हतं. हात आठवत होता.

"देवा," त्या म्हणाल्या, आणि भाषा छापील झाली नाही. "मी पाह्यलं न्हवतं. हात पाह्यला, बाकीचं मी घातलं. ही बाई माझ्या तोंडावर बोलली. तिचे उपकार. आमेन."

सगळे आमेन म्हणाले. लंकाबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी बशी उचलली, उरलेला चहा संपवला आणि पदराने तोंड पुसलं.

"हे तुमी देवाला सांगितलं. देवाला आधीच ठावं व्हतं. शिनोलीला ठावं न्हाई."

पाळकसाहेब पुढे झाले. "लंकाबाई, क्षमा ही..."

"पाळकसाहेब, माझं मी बघीन. हे माझ्या मालकाचं हाय. तो मेलाय, त्याला काही बघता येत न्हाई." मग झुंबरबाईंकडे वळून, "आमच्याकडं या. दारोदार सांगा, त्या बोलणाऱ्या बाई तुमी म्हनून. मंग सोयरिकीचं बघू."

पाहुणे गेल्यावर नूतनने कप विसळले. तिने आईला जा म्हटलं नाही आणि जाऊ नको असंही म्हटलं नाही. त्या आठवड्यात झुंबरबाईंना बऱ्याच वाटा सुचल्या. पाळकांना पाठवावं. फोनवर सांगावं. गुडघे दुखतात म्हणावं. गुडघे खरोखरच दुखत होते, त्यामुळे हा विचार चांगला टिकला. शनिवारी भिकाजींनी पिशवीत पाण्याची बाटली भरली आणि दोन टोप्या शोधून काढल्या, एक स्वतःची, एक बायकोच्या गेलेल्या भावाची. "बाहेर ऊन लई हाय," एवढंच ते म्हणाले. कुठे जायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

शिनोलीला उतरल्यावर भिकाजी स्टँडजवळच्या टपरीवर बसले. हे बायकोचं काम आहे, असं त्यांचं मत होतं. लंकाबाई झुंबरबाईंना घेऊन पहिल्या अंगणात गेल्या. तिथे जानकू नावाचा म्हातारा ओट्यावर बसून अंगणात वाळत घातलेला हिरडा राखत होता.

"जानकूदादा, ह्या पावण्यांना काही सांगायचंय," लंकाबाई म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या.

"लगनाचं आवतान का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "सयाजी उजागरे जीपवाला ठावं हाय ना तुमाला?"

"हाय की. लई मारायचा बायकोला."

लंकाबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटलं नाही.

"मारत न्हवता," झुंबरबाई म्हणाल्या. "तेच सांगायला आलेय. ते खोटं व्हतं."

"खोटं कसं? म्या सोता पाह्यलंय. ह्या वट्यावरून."

"काय पाह्यलं?"

"मारताना. काठीनं."

"काठी?" झुंबरबाईंचा आवाज चढला. "काठी कुठनं आली? मी काठी बोललेच न्हवते!"

"तुमी कशाला बोलताल? काठी व्हती. तुमी व्हता का तिथं?"

"न्हाई."

"मंग?"

झुंबरबाईंनी लंकाबाईंकडे पाहिलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. इतकी वर्षं हे ऐकून ऐकून जे काही असायचं ते झिजून गेलं होतं. झुंबरबाई म्हाताऱ्याला खोटारडा म्हणणार होत्या. शब्द तयार होता. पण तो म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच काठी दिसत होती. कुठल्या तरी गुरुवारी, डोळे मिटून बसलेल्या बायकांमधून निघालेली गोष्ट डोंगर चढून इथवर आली होती आणि या ओट्यावर येता येता तिने काठी उचलली होती.

त्या ओट्याच्या कडेवर बसल्या.

"दादा, ऐका. त्या बाईचा हात खाचराच्या बांधावरून पडून मोडला. ती दवाखान्यात आली. मी तिथं आया व्हते. मी हात पाह्यला आन मनानं ठरवलं, नवऱ्यानं मोडला. मंग मी चार बायांत बोलले. ते तुमच्याकडं आलं. पहिली बोलणारी बाई मीच."

म्हाताऱ्याने त्यांना पहिल्यांदा नीट न्याहाळलं. "तुमीच?"

"मीच."

"कशापायी बोलला?"

दया म्हणून, असं म्हणता आलं असतं. ओझं म्हणून, असंही म्हणता आलं असतं. "सवय व्हती," त्या म्हणाल्या.

"लई वाईट सवय," जानकू म्हणाला. त्याने हिरड्यावर चोच मारायला आलेली कोंबडी हाकलली, जरा विचार केला. "मारत नसंलबी. माणूस तसा गरीब व्हता." आणि मग, वस्तू अशी फुकट सोडवत नाही म्हणून, "पर काठी व्हती."

"नसंल, दादा."

"बघतो आठवून."

याहून जास्त त्या अंगणात मिळणार नव्हतं. लंकाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि झुंबरबाईंना उठवायला आपला हात पुढे केला, तो वाकडा.

"चला, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "वरची आळी ऱ्हायलीय. तिथं काठी न्हाई, कोयता हाय."